शिसपेन्सिल आणि चारकोल पेन्सिल: दिसायला सारख्या, वागायला वेगळ्या

चित्रकलेचा छंद नव्याने लागलेल्या माणसाच्या डब्यात थोड्याच दिवसांत दोन काळ्या पेन्सिली शेजारी शेजारी येऊन बसतात. दोहोंचे लाकडी आवरण सारखे, टोक सारखेच काळे. त्यातच चारकोलच्या काही पेन्सिलींवर ‘२ बी’, ‘४ बी’ असेच छापलेले असते, त्यामुळे चारकोल म्हणजे शिसपेन्सिलीचाच अधिक गडद प्रकार असावा, असा समज सहज होतो. याच समजापायी मी एका व्यक्तिचित्रातले केस ८ बी पेन्सिलीने घोटून घोटून भरले आणि तरीही ते पुरेसे काळे होईनात म्हणून त्यांवर चारकोल फिरवला. चारकोल तिथे टिकेचना. कुठे नुसताच ओरखडा उठला, कुठे भुकटी घरंगळून चेहऱ्यावर आली, आणि ते चित्र पुढे सुधारता आले नाही.

शिसपेन्सिल हे नाव मुळातच फसवे आहे, कारण तिच्यात शिसे हा धातू नसतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे सापडलेले काळे खनिज, म्हणजे ग्राफाइट, शिशाचाच एक प्रकार समजले गेले. तो कार्बन आहे हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवून दिले, परंतु तोवर नाव रूढ झालेले होते. पुढे फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते याने ग्राफाइटची पूड मातीत मिसळून, कांड्या करून त्या भाजण्याची पद्धत काढली आणि १७९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. आजही शिसपेन्सिलीवरचा क्रमांक मुख्यतः याच मिश्रणावर ठरतो: माती जितकी जास्त तितकी रेघ कठीण व फिकी, म्हणजे एच, ग्राफाइट जितके जास्त तितकी मऊ व गडद, म्हणजे बी.

चारकोल मात्र खनिज नव्हे. तो लाकूड अपुऱ्या हवेत तापवून केलेला कोळसा, म्हणजे तोही बहुतांशी कार्बनच. आणि घोळ इथेच आहे, कारण घटक एक असला तरी त्याची रचना एक नाही. ग्राफाइटमध्ये कार्बनचे सपाट थर एकमेकांवर रचलेले असतात व ते सहज घसरतात, म्हणून पेन्सिल कागदावर निसटल्यासारखी चालते. मात्र दाब वाढवला की ते पापुद्रे कागदावर आडवे निजतात आणि बारीक आरशांसारखा प्रकाश परतवू लागतात. परिणामी जितके जास्त घोटावे तितकी काळोखी न वाढता चकाकी वाढते, आणि दिव्याखाली धरले की चित्रातला सर्वांत गडद असावा असा भागच राखाडी, चमकदार दिसतो. छायाचित्र काढताना तर हा दोष अधिकच उघडा पडतो. कोळशाचे कण याउलट वेडेवाकडे, सच्छिद्र असतात; ते प्रकाश गिळतात, आणि म्हणून चारकोलचा काळा रंग मखमलीसारखा, चकाकीविना दिसतो. शिसपेन्सिलीने तो काळा मिळवण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. क्रमांक कितीही वाढवला तरी तिची मर्यादा तीच राहते.

माझ्या फसलेल्या केसांचे कारणही यातच होते. चारकोलला धरून ठेवायला कागदाचा खरखरीतपणा लागतो, आणि ग्राफाइटने घोटलेल्या भागात ती बारीक खळगी आधीच भरून, दाबून गुळगुळीत झालेली असतात. म्हणून दोन्ही एकाच चित्रात वापरायचेच असतील, तर गडद भाग कोणते हे आधी ठरवून त्यांना शिसपेन्सिल लावूच नये. खालचा आराखडा हलक्या हाताने काढला तर फारसे बिघडत नाही.

खोडण्याच्या बाबतीत मात्र ‘चारकोल’ हा एकच शब्द पुरेसा नाही. वेलीच्या किंवा विलो या झाडाच्या काटकीचा चारकोल बंधकाविना, म्हणजे कण चिकटवून धरणाऱ्या पदार्थाविना, असतो. तो फडक्याने झटकला तरी बराचसा निघतो, म्हणून पहिली मांडणी त्याने केली तर चुका निर्धास्तपणे करता येतात. पेन्सिलीत मात्र बहुधा भुकटी बंधकात मिसळून दाबलेला चारकोल असतो, जो अधिक काळा उमटतो आणि पुरता पुसला जात नाही. तिथे साधा खोडरबर घासण्यापेक्षा मळता येणारा, कणकेसारखा मऊ रबर दाबून उचलावा, कारण घासल्याने भुकटी कागदात आणखी मुरते. (‘व्हाइट चारकोल’ म्हणून मिळणाऱ्या पेन्सिलीत तर कोळसा नसतोच, ते पांढरे रंगद्रव्य असते. ती काळ्या चारकोलवर घासली की राखाडी चिखल होतो, तेव्हा उजेडाच्या जागा आधीपासूनच मोकळ्या ठेवाव्यात.)

टोक काढताना शिसपेन्सिलीला साधे शार्पनर चालते, तर चारकोलची ठिसूळ कांडी त्यात वारंवार मोडते. लाकूड ब्लेडने सोलून टोक काचकागदावर घासणे बरे. पूर्ण झालेल्या चारकोल चित्रावर फिक्सेटिव्हचा, म्हणजे भुकटी कागदावर पक्की धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, हलका फवारा, तोही मोकळ्या हवेत, मारावाच लागतो. शिसपेन्सिलीचे चित्रही हाताने पुसटते, पण वर कोरा कागद ठेवून जपले तर बहुधा तेवढ्यावर भागते.

बारीक तपशील, पापण्या, इमारतीच्या कडा यांसाठी माझा हात आजही शिसपेन्सिलीकडेच जातो, आणि मोठ्या कागदावर छायाप्रकाशाचे ढोबळ भाग मांडायचे असतील तर चारकोलकडे. आवरणावरची अक्षरे झिजून कोणती पेन्सिल कोणती हे कळेनासे झाले, तर रद्दी कागदावर दाबून एक ठिपका भरावा आणि कागद दिव्यासमोर तिरका धरावा: चमकला तर ग्राफाइट, काळाच राहिला तर चारकोल.