रिक्षात मावणारं बेस कॅबिनेट निवडताना

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरचा कॅफे असो, गंगापूर रोडकडचं लग्नाचं लॉन असो की वाइनरीच्या आवारातला कार्यक्रम, बेस गिटार वाजवणाऱ्याला आपलं सामान बहुतेक वेळा आपणच उचलावं लागतं. त्यामुळे हलकं, आटोपशीर कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) सगळ्यांनाच हवं असतं. दुकानात मात्र पहिला प्रश्न असतो ‘किती वॅटचं?’ आणि निवड तिथेच चुकते.

वॅटचा आकडा मुख्यतः एवढंच सांगतो, की स्पीकरची व्हॉइस कॉइल (त्याचा पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) किती उष्णता सोसेल. आवाज किती निघणार, हे सेन्सिटिव्हिटीवर ठरतं, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात त्यावर. ९५ डेसिबलचं कॅबिनेट ३०० वॅटमध्ये जेवढं वाजतं, तेवढं ९८ डेसिबलचं १५० वॅटमध्येच वाजतं. ३०० वॅटचा अँप (अँप्लिफायर) विकून ५०० वॅटचा घेतला तर फरक पडतो जेमतेम २ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते.

मग लहान पण चढ्या सेन्सिटिव्हिटीचं कॅबिनेट घ्यावं का? इथे हॉफमनचा नियम आडवा येतो: लहान खोकं, खोल खर्ज आणि चढी सेन्सिटिव्हिटी या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. लहान खोक्यात कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, अडवते. म्हणून छोट्या कॅबिनेटवर ‘४० हर्ट्झपासून’ असं छापलेलं दिसलं, तर तिथे आवाज ३ डेसिबलने घटलेला असतो की १० डेसिबलने, हे आधी विचारा.

सुदैवाने खर्जातला सगळाच तळ लागत नाही. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, पण तिच्या आवाजाचा बराच जोर ८२ आणि १२३ हर्ट्झच्या उपस्वरांत (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या स्वरांत) असतो आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर ओळखतो. ७० हर्ट्झच्या वर स्वच्छ वाजणारं कॅबिनेट बहुतेक कार्यक्रमांना पुरतं.

खरा घात होतो तो उघड्या लॉनवर. भिंती आणि छत नसल्याने बेस पातळ वाटतो, मग अँपवरचं बेसचं बटण चढवलं जातं. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट अंतर हलावं लागतं. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये तो पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो, त्याच्या खाली तर हवेचा आधारही सुटतो. कोन फडफडतो, कॉइल मर्यादेबाहेर जाते आणि छापील वॅटच्या कितीतरी खालीच स्पीकर निकामी होऊ शकतो. ३५-४० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर गाळणारा) लावा, बेस थोडा उतरवा आणि २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा किंचित उचला. फडफड ऐकू आली की आधी आवाज कमी करा.

माझ्या मते एक १२ इंची, ८ ओहमचं (ओहम म्हणजे विद्युत रोधाचं माप) कॅबिनेट घेणं सगळ्यात शहाणपणाचं. कॅफेत ते एकटं पुरतं. ड्रम्सचा जोर असेल आणि पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांत) बेस जाणार नसेल, तर तसंच दुसरं जोडा. दोन मिळून ४ ओहम होतात आणि आजचे बरेच हलके अँप त्याहून कमी ओहमवर चालत नाहीत. सुरुवातीलाच ४ ओहमचं घेतलं, तर दोन मिळून २ ओहम होतात, म्हणून तसंच दुसरं जोडायची वाट बंद होते. दोन्ही एकमेकांवर ठेवा. शेजारी ठेवली तर बाजूला उभ्या असलेल्यांना मधले स्वर तुटक ऐकू येतात. कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात प्रेक्षकांसाठी डीआयमधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) मिक्सरला लाइन द्यायची; कॅबिनेट फक्त स्टेजवरच्यांसाठी.

निओडिमियम चुंबकाने वजन घटतं, आवाज आपोआप वाढत नाही. खोकं प्लायवुडचं असावं, कारण पावसाळ्यातल्या ओलीने एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) कोपरे फुगतात. जोडणीला स्पीकर केबलच वापरा. गिटारच्या केबलची आतली तार बारीक असते, ती तापते.

स्पीकरच्या मागे एक मीटरवर भिंत असली, तर परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास उलटी येऊन मिळते आणि नेमका ई तारेचा ८२ चा उपस्वर खाते. अशा वेळी कॅबिनेट भिंतीला टेकवा. पोकळ लाकडी स्टेज घुमत असेल तर कॅबिनेट भक्कम स्टुलावर उचलून ठेवा.

दुकानात आपलाच बेस न्या. टोन सपाट ठेवून ई तारेवर एकेक स्वर बाराव्या पट्टीपर्यंत सावकाश वाजवा, आधी हळू, मग स्टेजवरच्या आवाजात. ऐकायला कॅबिनेटला चिकटून नाही, चार-पाच मीटर लांब उभं राहा. एखादाच स्वर फुगत किंवा बुडत असेल, तर जागा बदलून पुन्हा ऐका. तरीही तोच स्वर तसाच वाजला, तर दोष बहुधा कॅबिनेटचा.