राजीव गांधी वेगळी, अटल वेगळी: ईएसआयचे दोन बेकारी भत्ते

बाहेरचा स्वस्त माल बाजारात उतरतो, इंदूरच्या सांवेर रोडवरचं किंवा जवळच्या पीथमपूरचं एखादं युनिट आधी गडगडतं, मग बंद पडतं. नंदानगरच्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कचेरीकडे निघालेल्या कामगाराला वाटेत हमखास एक सल्ला मिळतो: "अटलचा फॉर्म भर, दोन वर्षं पैसे येतील." अटलचे पैसे दोन वर्षं चालत नाहीत. दोन वर्षं मिळतात ती राजीव गांधीत.

किरकोळ घोळ आधी निपटून टाकू. अँटी-डंपिंग ड्यूटी हा आयात मालावरचा कर आहे, त्यातला छदामही कामगाराच्या खात्यात येत नाही. अमेरिकेने १९६२ साली आयातीमुळे बेकार झालेल्यांसाठी खास योजना काढली, तशी आपल्याकडे नाही. कारखाना चिनी मालाने बुडाला की मालकाच्या कर्तबगारीने, हे ईएसआय विचारत नाही. जुने मिलवाले काका पगाराच्या ७५, ५० आणि २५ टक्के मदतीचं सांगतात, ती १९८६ची कापड कामगार पुनर्वसन योजना. १ एप्रिल २०१७ पासून ती राजीव गांधीत विलीन झाली. आणि इंदूरच्या बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना २०२३मध्ये मिळालं ते १९९१पासून अडकलेलं देणं होतं. त्याला मदत म्हणू नये.

आता मुद्द्याचं. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ची. ईएसआयची दोन वर्षांची वर्गणी भरलेली हवी. मग पहिले १२ महिने शेवटच्या सरासरी रोजाच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के, शिवाय त्या काळात घरच्यांसकट औषधपाणी. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना जुलै २०१८ची, मुदतीची, वेळोवेळी वाढवलेली. तिच्यात मिळतात ते आयुष्यात एकूण ९० दिवस.

१८,००० पगार धरून बघा. अटलमध्ये मागच्या चार वर्गणी-काळांची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई ७३०ने भागतात: ४,३२,००० भागिले ७३० म्हणजे रोजचे सुमारे ५९२. त्याचे निम्मे, गुणिले ९०. हातात साधारण २६,६००. राजीव गांधीत ढोबळमानाने पहिल्या वर्षी महिना ९,००० आणि दुसऱ्या वर्षी ४,५००, म्हणजे दीड लाखाच्या वर. एकाच काळासाठी दोन्ही घेता येत नाहीत. एवढा फरक असताना लोक अटलमागे का धावतात? तर तिचं दार रुंद आहे म्हणून.

सगळं अडतं ते इथेच. अटल विचारते: तुम्ही बेकार आहात का? राजीव गांधी विचारते: नोकरी *कशी* गेली? तिला कारखाना कायमचा बंद झालेला तरी हवा, नाहीतर कायद्यातली छाटणी तरी हवी (किंवा कामाबाहेरच्या कारणाने आलेलं किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व). ठेकेदाराकडच्या माणसाचा करार संपला तर ती सहसा छाटणी धरली जात नाही; त्याने अटलच बघावी. पण पक्क्या कामगाराचं नुकसान होतं ते एका सहीने. "राजीनामा लिहून द्या, उद्याच हिशोब करतो," असं ऑफिसातून गोड बोलून सांगतात. तो राजीनामा दिला की राजीव गांधीवर पाणी सोडलं. मला या गोडव्याची चीड आहे.

राजीनामा दिला नाही तरी एक खाच उरते. दर महिन्याची वर्गणी भरताना ज्याचे कामाचे दिवस शून्य, त्याचं कारण मालकाला ईएसआयच्या पोर्टलवर आकड्याने निवडावं लागतं. २ म्हणजे नोकरी सोडली, ९ म्हणजे संप किंवा टाळेबंदी, १० म्हणजे छाटणी. पगार करणारा बाबू हाताच्या सवयीने २ टाकून मोकळा होतो. हिशोबावर सही करण्याआधी ती नोंद काढून दाखवायला सांगा, आणि छाटणीचं किंवा कारखाना बंद झाल्याचं पत्र हातात घ्या.

त्या पत्रातले शब्दही वाचा. आपण मराठीत सरसकट म्हणतो, "कंपनीला टाळं लागलं." अर्जात मात्र टाळेबंदी लिहू नका. कायद्यात टाळेबंदी म्हणजे मालकाने वाद चालू असताना तात्पुरतं अडवलेलं काम, आणि ती दोन्ही योजनांत बाद आहे. हिंदी पत्रात 'तालाबंदी' दिसलं तर तिथेच हरकत घ्या. 'बंदी' किंवा 'छँटनी' हवं. 'स्वैच्छिक सेवानिवृत्ति'सुद्धा दोन्हीकडे बाद.

अटलचा दावा बेकारीला ३० दिवस झाले की स्वतःच ऑनलाइन करता येतो, मालकाची शिफारस लागत नाही. तिथे नडतात ते दिवस. लगतच्या वर्गणी-काळात (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि आधीच्या तीनपैकी एका काळातही ७८. माल उठत नाही म्हणून शेवटचे सहा महिने आठवड्याला तीनच दिवस कारखाना चालवला, तर २६ आठवड्यांचे बरोबर ७८ होतात. त्यातला दिवाळीचा एक आठवडा बिनपगारी गेला की ७५. शिवाय त्या अर्ध्या पगाराने कमाई घटते, भाजक मात्र ७३०च राहतो, म्हणजे २६,६००चे २३,३००. शेवटच्या सहामाहीच्या पगारपावत्या जपून ठेवा आणि दिवस बोटांवर मोजा.