किल्ली तुमच्याच खिशात, पण तुमच्यापासून लपवलेली

फोनवर एखादा चित्रपट बघताना स्क्रीनशॉट काढून पाहा. ॲप एक तर सरळ नकार देतं, नाहीतर चित्राच्या जागी काळा चौकोन हाती येतो. डोळ्यांसमोर चाललेलं दृश्य फोनलाच कसं टिपता येत नाही?

चित्रपटाची फाइल तुमच्यापर्यंत येते ती कूटबद्ध होऊन, म्हणजे गुप्त लिपीत बदलून. ती उलगडणारी किल्ली म्हणजे एक गुप्त संख्या, बहुधा १२८ बिटांची (० किंवा १ अशा १२८ अंकांची). नुसती फाइल कितीही जणांना वाटा, उघडणार नाही. प्ले दाबलं की ॲप परवाना-सर्व्हरकडे किल्ली मागतं. तो तुमचं सदस्यत्व आणि फोन तपासून परवाना धाडतो. त्यात किल्लीसोबत अटीही असतात: किती तास चालेल, टीव्हीला जोडता येईल का, किती सुस्पष्ट दिसेल. डाउनलोड केलेला चित्रपट ‘४८ तास शिल्लक’ म्हणतो, तेव्हा मुदत परवान्याची संपत असते. फाइल जशीच्या तशी पडून असते.

खरी गोम पुढे आहे. एरवी गुप्त संदेश पाठवणारा आणि घेणारा एका बाजूला असतात, चोर तिसराच. इथे पैसे भरणारा गिऱ्हाईकच संशयित! त्याला किल्ली द्यायची, पण हाती लागू द्यायची नाही. म्हणून ती प्रोसेसरच्या एका बंदिस्त कप्प्यात राहते, जिथे खुद्द अँड्रॉइडलाही डोकावता येत नाही. चित्र तिथेच उलगडतं आणि परस्पर पडद्यावर जातं, म्हणून स्क्रीनशॉट काळा. गुगलच्या वाइडवाइन या प्रणालीत ही सोय म्हणजे ‘एल१’. कप्पा नसेल तर ‘एल३’, सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर. अशा फोनवर नेटफ्लिक्स एचडी दाखवत नाही. पडदा कितीही झकास असला तरी चित्र पुसटच, आणि दुकानदार ही गोष्ट क्वचितच सांगतो.

कुलूप कच्चं असलं की काय होतं, हे डीव्हीडीने दाखवलं. तिची किल्ली अवघी ४० बिटांची, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला अफाट, संगणकाला किरकोळ. त्यात कूटपद्धतही कमकुवत. १९९९ मध्ये ती फोडणारा प्रोग्राम बाहेर आला. त्यात हात असलेला नॉर्वेचा यॉन योहानसेन तेव्हा १५ वर्षांचा होता. खटला चालला, २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

पण किल्ली देणाऱ्यानेच दुकान बंद केलं तर? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांची विक्री थांबवली आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले. ज्यांनी पुस्तकांत टिपणं केली होती ती टिपणंही गेली. त्यांच्या खात्यात वर २५ डॉलर जमा झाले.