शांतरेल (रानअळंबी आणि तिची वेचणी)

शांतरेल म्हणजे युरोप, उत्तर अमेरिका आणि आपल्या हिमालयातल्या जंगलात जमिनीतून उगवणारी पिवळ्याधमक रंगाची खाण्याजोगी अळंबी. शास्त्रीय नाव कँथारेलस सिबॅरियस, हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी 1821 मधे दिलं. आता या कुळात बऱ्याच वेगवेगळ्या जाती मानतात पण वेचणारी मंडळी सरसकट सगळ्यांना शांतरेलच म्हणतात. जर्मनीत हिला फिफरलिंग म्हणतात, फ्रान्समधे जिरोल, स्वीडनमधे कांतारेल. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने तर 1999 मधे तिथल्या शांतरेलला राज्याची अळंबी म्हणून जाहीर केलंय. युरोपात जून-जुलैपासून ती दिसायला लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालते, म्हणजे आपल्याकडे आषाढापासून जवळपास दिवाळीपर्यंतचा काळ, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पानगळीचा पाऊस सुरू झाला की खरा सीझन.

इंदूरच्या मराठी घरांतली कितीतरी मुलं-मुली आता जर्मनी, स्वीडन, अमेरिकेत आहेत, त्यामुळे आई-बाबा तिकडे गेले की सुट्टीच्या दिवशी टोपली घेऊन जंगलात जायचा कार्यक्रम ठरतोच, आणि परत आल्यावर हमखास प्रश्न येतो की अहो मग आपल्या इंदूरजवळच्या चोरलला, पातालपानीला, जाम गेटच्या उतारावर ही का नाही मिळत, तिथेही पावसात एवढी हिरवळ असते. याचं उत्तर झाडांत आहे आणि शांतरेल समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

आपण जमिनीवर बघतो ते नुसतं फळ, खरी बुरशी म्हणजे मातीत पसरलेलं बारीक धाग्यांचं जाळं, आणि शांतरेलचं जाळं जिवंत झाडाच्या मुळांच्या टोकांना बाहेरून लपेटून राहतं. झाड तिला साखर देतं, ती झाडाला मातीतलं पाणी आणि नायट्रोजन, फॉस्फरस आणून देते. हे नातं सगळी झाडं नाही ठेवत. स्प्रूस, पाइन, बर्च, बीच, ओक ही ठेवतात, ओरेगनकडे डग्लस फर आणि हेमलॉक, हिमालयात बांज, म्हणजे तिथला ओकच. आपल्या माळव्याच्या जंगलात सागवान जास्त, आणि सागाच्या मुळांत राहणारी बुरशी वेगळ्याच प्रकारची असते, ती मुळाच्या पेशींच्या आत शिरते आणि तिला जमिनीवर अशी छत्री येतच नाही. म्हणून चोरलला कितीही पाऊस पडो, सागाखाली शांतरेल शोधण्यात अर्थ नाही. साल मात्र शांतरेलच्या झाडांसारखंच नातं ठेवणारं झाड आहे, पण ते आपल्या मध्य प्रदेशात पूर्वेकडे, मंडला-अमरकंटकच्या बाजूला आणि पचमढीला. बस्तरमधे सालाखाली पहिल्या पावसात निघणारा बोडा, तीही एक खाण्याची अळंबीच, याच नात्यातून येतो आणि बाजारात चांगलाच महाग विकला जातो.

माळव्यात पावसात वारुळापाशी उगवते ती अळंबी तिसऱ्याच जातीची, वाळवी वारुळात ती बुरशी पाळते, तिच्यावर जगते, आणि पावसात तिच्या लांब मुळासारख्या देठाच्या छत्र्या वर येतात. विदर्भात यांना सात्या किंवा टेकोडे म्हणतात, जबलपूर-मंडलाकडे पिहरी. चवीला फार छान, पण तो स्वतंत्र विषय आहे.

आता ओळख, आणि इथे घाई अजिबात नको. शांतरेल हातात घेऊन उलटी करा आणि टोपीच्या खालची बाजू बघा. बाजारातल्या बटन मश्रूमला खाली पातळ, सुट्या पात्या असतात, ज्या नखाने बाजूला काढता येतात. शांतरेलला तशा पात्या नसतातच, तिथे जाडसर बोथट वळ्या असतात, त्या मधेच फुटतात, दुभागतात, एकमेकींना आडव्या जोडल्या जातात आणि टोपीवरून सरळ देठावर उतरत जातात, टोपी कुठे संपली आणि देठ कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. नखाने खरवडलं तर वळी वेगळी निघत नाही, अळंबीचं मांसच निघतं. मग देठ उभा फाडा. बाहेरून पिवळा असला तरी आतून पांढरट आणि भरीव निघतो आणि उकडलेल्या चिकनसारखे धागे सुटतात. वास घ्या, ताज्या शांतरेलला जर्दाळूचा हलका गोडसर वास असतो, एक-दोनच असल्या तर तो कळत नाही पण टोपली भरत आली की नक्की येतो. टोपी लहानपणी गोल, कडा आत वळलेल्या, मोठी झाली की मधे खोलगट आणि कडा लाटांसारख्या. आणि उगवते ती मातीतून, शेवाळातून, एकेकटी किंवा विखुरलेली, लाकडाच्या ओंडक्यावर घोसाने नाही.

ही शेवटची खूण महत्त्वाची आहे कारण जॅक-ओ-लँटर्न नावाची विषारी अळंबी रंगाने अगदी तशीच दिसते पण ती जुन्या बुंध्यापाशी, कुजक्या लाकडावर किंवा गाडलेल्या मुळांवर घोसाने येते, खाली खऱ्या धारदार पात्या असतात आणि फाडली तर आतूनही केशरी. काळोखात तिच्या पात्या मंद चमकतात. खाल्ली तर काही तास जोराच्या उलट्या. दुसरी खोटी शांतरेल, ती पाइनच्या सुयांमधे उगवते, पात्या मऊ, दाट आणि गडद केशरी. तिने बऱ्याच जणांना काही होत नाही पण काहींचं पोट बिघडतं, म्हणून सोडूनच द्यावी.

खरी भीती आहे ती एका तपकिरी-केशरी विषारी अळंबीची, कॉर्टिनेरियस रुबेलस. स्कँडिनेव्हियात पानगळीत उशिरा एक बारीक तपकिरी फनेल शांतरेल निघते आणि त्याच शेवाळात हीसुद्धा असते, लोक भराभर मुठीने तोडतात आणि एखादी मिसळून जाते. हिच्यातलं ओरेलानिन नावाचं विष मूत्रपिंडं निकामी करतं आणि त्रास सुरू व्हायला दोन दिवसांपासून कधीकधी दोन-तीन आठवडे लागतात, तोपर्यंत आपण काय खाल्लं होतं हेही माणूस विसरलेला असतो. म्हणून नियम एकच ठेवा, प्रत्येक अळंबी एकेक करून उलटी बघून मगच टोपलीत, आणि पहिल्या काही वेळा त्या जंगलातलं जाणतं माणूस बरोबर हवंच. फोनवरच्या अ‍ॅपने फोटोवरून सांगितलेलं नाव ही फक्त सुरुवात, त्यावर ताटात काही वाढू नये. आणि आपल्याकडचे ते चांदीचा चमचा काळा पडतो का बघणं, लसणाची पाकळी टाकून बघणं, किड्याने खाल्लीय म्हणजे चालेल असं म्हणणं, हे सगळं साफ चुकीचं आहे, जिवाशी खेळ आहे. डेथ कॅपसारख्या अळंबीचं विष शिजवूनही जात नाही, सहा-बारा तासांनी उलट्या-जुलाब होतात, मग मधे एक दिवस बरं वाटतं आणि तोपर्यंत यकृत गेलेलं असतं.

वेचताना सुरीने कापावं की हलकेच पिळून उपटावं यावर तिकडे पिढ्यानपिढ्या वाद चालतो. स्वित्झर्लंडमधे 1975 पासून जवळपास तीन दशकं याच्यावर अभ्यास झाला आणि निघालं असं की कापा किंवा उपटा, पुढच्या वर्षांच्या पिकावर परिणाम होत नाही, पण जमीन पायाने तुडवली की अळंब्या कमी येतात. म्हणजे जपायचं ते पाऊल. शेवाळ उकरू नये, दाताळ्याने पाला ओढू नये, लहान बटनाएवढ्या तशाच ठेवाव्यात कारण शांतरेल सावकाश वाढते आणि कित्येक आठवडे टिकते. प्लास्टिकच्या पिशवीत त्या घामेजून खराब होतात, त्यामुळे टोपली नाहीतर कापडी पिशवी.

कायदा देशादेशात वेगळा. स्वीडनमधे निसर्गात फिरण्याचा सर्वांचा हक्क मानतात, त्यात दुसऱ्याच्या जंगलातूनही अळंबी वेचता येते, घराचं अंगण सोडून. जर्मनीत घरच्यापुरती थोडी, विकायची तर परवानगी. स्वित्झर्लंडमधे काही कँटनमधे, म्हणजे तिथल्या प्रांतांत, रोजच्या वजनाची मर्यादा आहे. अमेरिकेत बऱ्याच सरकारी जंगलांत परमिट लागतं, तेव्हा जाण्याआधी मुलांना विचारून घ्यावं.

बटन आणि ढिंगरी स्वस्त का आणि शांतरेल महाग का, हेही त्या मुळांच्या नात्यामुळेच. ढिंगरी गव्हाच्या भुशावर कोणाच्याही खोलीत वाढते, तिला जिवंत झाड नको. शांतरेलला हवं. 1997 मधे एरिक डॅनेल आणि फ्रान्सिस्को कामाचो या शास्त्रज्ञांनी पाइनच्या रोपांबरोबर ग्रीनहाउसमधे तिला फळ आणून दाखवलं, पण बाजारासाठी शेती अजून नाही, विकत मिळते ती जंगलातूनच येते.

स्वयंपाकघरात हिला पाण्यात भिजत ठेवायचं नाही, मऊ ब्रशने माती झटकायची, अगदीच असेल तर पटकन धुऊन फडक्यावर पसरायची. कच्ची खायची नाही. आधी कोरड्या गरम तव्यावर टाका, खूप पाणी सुटतं, ते आटू द्या, मग लोणी, मीठ, मिरपूड, बस. आपली सवय असते कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही आणि गरम मसाला घालायची, पण त्यात तो जर्दाळूचा वास पार मरतो, त्यापेक्षा अंड्याच्या ऑम्लेटमधे किंवा साध्या भातावर लोण्याबरोबर घ्या. इंदूरला आणायचा मोह झाला की लोक वाळवतात, पण वाळलेली शांतरेल चिवट होते आणि वासही बराच जातो, वाळवलीच तर पूड करून सूपमधे वापरणं बरं. तिकडेच साठवायची असेल तर कच्ची फ्रीझरमधे टाकू नका, कडू होते, आधी लोण्यात परतून, गार करून, मग डब्यात भरा.