हार्टविग बुद्धिबळ संच

जर्मन शिल्पकार योझेफ हार्टविग (जन्म १८८०, म्यूनिक) यांनी व्हायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत १९२३–२४ च्या सुमारास घडवलेला लाकडी संच. मोहऱ्याची चाल त्याच्या आकारातच दिसावी, ही त्यामागची कल्पना. राजाचा मुकुट, घोड्याचे तोंड, बुरुजाचे कंगोरे असे सगळे काढून टाकल्यावर घन, गोल आणि फुली एवढेच उरते. मूळ संच नाशपातीच्या लाकडाचा असून एक बाजू लाकडाच्या रंगाची, दुसरी काळी रंगवलेली आहे. राजा जेमतेम ५ सेंमी उंच, तर प्यादे सव्वादोन सेंमीच्या आसपास.

बाउहाउस १९१९ मध्ये वॉल्टर ग्रोपियस यांनी सुरू केली. हार्टविग तेथे शिल्पाच्या कार्यशाळेचे कारागीर-शिक्षक होते. या संचाला साजेसे टेबल हाइन्झ न्योसेल्ट यांनी १९२४ मध्ये केले. जाहिरातीची मांडणी योस्ट श्मिट यांची. शाळा १९२५ मध्ये डेसाऊला गेली, तेव्हा हार्टविग तिच्याबरोबर गेले नाहीत. सध्या स्वित्झर्लंडची नेफ ही कंपनी हा संच तयार करते.

मराठी खेळाडूला या संचाची गंमत जरा वेगळ्या कारणाने वाटते. जगभर चालणारा स्टाँटन नमुना १८४९ मध्ये लंडनला बाजारात आला. त्यात आपला हत्ती म्हणजे किल्ल्याचा बुरूज आणि आपला उंट म्हणजे बिशपची टोपी. मुलांना शिकवताना टोपी दाखवून ‘हा उंट’ म्हणावे लागते आणि मग तो तिरका का चालतो हे वेगळे सांगावे लागते. हार्टविग यांच्या संचात नाव काहीही ठेवा, चाल तीच दिसते.

आकार आणि चाली

हत्ती म्हणजे साधा घन. त्याच्या बाजू पटाच्या रेघांना समांतर, म्हणून तो सरळ जातो. उंट घनातून कोरलेली उभी फुली असून तिचे चार हात घराच्या चार कोपऱ्यांकडे जातात. घोडा काटकोनात वळलेला. ‘अडीच घरे’ हा आपला शब्द ज्याला ठाऊक आहे त्याला तो आकार लगेच उमगतो. राजा म्हणजे घनावर ४५ अंश फिरवून बसवलेला लहान घन : खालचा सरळ चालीसाठी, वरचा तिरप्या चालीसाठी. वजिरावर गोल असतो, कारण त्याला कोणतीही दिशा मोकळी.

ही भाषा सगळीकडे सारखी चोख नाही. प्यादे हत्तीसारखाच घन आहे, फक्त लहान. सरळ चालते इतके तो आकार सांगतो, तिरके मारते हे सांगत नाही. राजा एकच घर चालतो आणि किल्लेकोट (राजा व हत्ती यांची एकत्र चाल) करतो, याचीही खूण कोठे नाही. उंट पटावर ४५ अंशांनी फिरला की फुलीचे अधिक-चिन्ह (+) होते आणि तो सरळ चालणारा वाटू लागतो. घड्याळ लावून भरभर खेळताना हे हमखास होते. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या शिफारशीत राजा सुमारे ९.५ सेंमी आणि मोहरे स्टाँटन घाटणीचे असतात, त्यामुळे हा संच स्पर्धेऐवजी घरी आणि शिकवणीतच चालतो.

शिल्पकारांनी बुद्धिबळाला हात घालण्याची ही एकमेव वेळ नव्हे. डिसेंबर १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या जूलियन लेव्ही दालनात याच विषयाचे प्रदर्शन भरले. त्यात माक्स एर्न्स्ट यांचे मोहरे आणि इसामू नोगुची यांचे टेबल होते. तेथले मोहरे पाहायला अधिक देखणे, पण कोणता कसा चालतो हे शिकूनच घ्यावे लागते.

सोलापुरात घडवताना

नाशपातीचे लाकूड सोलापूरच्या वखारीत शोधत बसू नये. फिक्या बाजूला हेदू (हळदू) किंवा शिवण चांगले : रेषा बारीक, कापल्यावर कडा तुटत नाहीत. सागवानाची रेषा एवढ्या लहान तुकड्यावर फार ठसठशीत दिसते आणि त्यातल्या तेलामुळे काळा रंग डागाडागांनी बसतो. बाभूळ जिल्ह्यात मुबलक आणि कणखर आहे, पण वाळताना वाकते; पुरती मुरलेली असेल तरच घ्यावी.

पट्ट्या सावलीत, मध्ये फटी ठेवून दोन-तीन महिने रचाव्यात. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात ठेवल्या तर टोके आधी सुकतात आणि चिरतात. टोकांना मेण चोपडले तर हा धोका बराच कमी होतो.

पुढील मापे ४५ मिमी घराच्या पटासाठी आहेत. हत्ती २८ मिमीचा घन, प्यादे २२ मिमीचे. राजाचा वरचा घन २० मिमीचा घ्यावा. त्याचा कर्ण २८.३ मिमी येतो, म्हणून फिरवल्यावर त्याचे कोपरे खालच्या घनाच्या कडांच्या बरोबर मध्यावर टेकतात. वजिराचा गोल १८ मिमीचा, दोन मिमी खोलगटात बसवलेला. वजीर ४४ मिमीचा होतो आणि ४८ मिमीच्या राजाहून ठेंगणा राहतो. दर रंगाला २८ मिमी जाडीची ३० सेंमी पट्टी (आठ मोठे मोहरे, प्रत्येक कापाला ३ मिमी धरून) आणि २२ मिमीची तेवढीच पट्टी पुरते. राजाच्या माथ्याचा २० मिमीचा घन दुसरीतच निघतो. वजिराचे गोल खरादीवाल्याकडून काढून घ्यावेत.

लाकडाची रेषा प्रत्येक मोहऱ्यात उभीच ठेवायची. उंटात ती आडवी आली तर फुलीचे हात पडल्याबरोबर तुटतात. रेषा उभी असल्याने मोठी सोयही होते : उंटाच्या खाचा सुट्या घनावर न कोरता लांब पट्टीवरच पाडता येतात. गोल करवतीचे पाते ४५ अंशांत कलवून चारही बाजूंच्या मध्यावर १६.७ मिमी रुंद, ८.३ मिमी खोल खाच घ्यावी. हाताची जाडी ८ मिमी उरते. त्यानंतर २८ मिमीचे तुकडे पाडावेत. आखूड तुकडा पात्यावर धरणे म्हणजे बोटे पणाला लावणे. घोड्याची सोपी आवृत्ती अशी : पट्टीतून लांबीभर १४ × १४ मिमीचा कोपरा काढला की वरून काटकोन दिसतो, तुकडा पाडल्यावर एका हाताचा वरचा अर्धा भाग उतरवला की बाजूनेही तसाच दिसतो. करवत आतल्या कोपऱ्यापलीकडे गेली तर तेथूनच चीर जाते, म्हणून शेवटचा मिलिमीटर पटाशीने काढावा.

राजाचे दोन घन टोकाकडून चिकटतात. तो सांधा नुसत्या फेविकॉलवर धरत नाही. ६ मिमीची लाकडी खुंटी घालावी. घासताना पॉलिश पेपर काचेवर पसरून मोहरा त्यावर फिरवावा. पेपर हातात धरून घासला की कडा गोल होतात, आणि कडा गेल्या की हत्ती साबणाच्या वडीसारखा दिसतो.

काळ्यासाठी अर्धा लिटर व्हिनेगरमध्ये मूठभर लोखंडी खिळे आठवडाभर ठेवावेत. वायू सुटतो म्हणून झाकण सैल. फिक्या लाकडाला आधी बाभळीच्या सालीचा काढा लावून वाळवावे, मग हे पाणी. सालीतला टॅनिन आणि लोह मिळून काळा रंग लाकडात उतरतो. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, तेव्हा मोहरा आधीच एकदा ओला करून, वाळवून घासावा. रंगानंतर घासला तर कोपरे पांढरे पडतात. लाखेचे पॉलिश पावसाळी दमट दिवशी केल्यास धुरकट डाग येतात.

पट लाकडीच हवा असे नाही. चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून आखणाऱ्या शहरात ३६ × ३६ सेंमीचा विणलेला पट जमण्यासारखा आहे. दुहेरी विणीत मागच्या बाजूला रंग उलटे येतात. अडचण आटण्याची : सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि ताणा-बाणा सारखे आटत नाहीत, त्यामुळे चौरसाचा आयत होतो. आधी वीतभर नमुना विणून धुवावा, दोन्ही दिशांची घट मोजावी आणि तेवढी वाढवूनच जॅकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) पंचकार्डे पाडावीत.