टाच व घोट्यातील इंजेक्शन-उपचार : सुरक्षितता आणि दुष्परिणाम

टाच, घोटा किंवा तळपाय यांच्या दुखऱ्या जागी थेट औषध टोचण्याची उपचारपद्धती. बहुधा दाह कमी करणारे स्टेरॉइड (मिथाइलप्रेडनिसोलोन, ट्रायमसिनोलोन) आणि बधिर करणारे लिग्नोकेन एकत्र देतात. टाचदुखी, घोट्याच्या सांध्याची झीज आणि गाऊट (सांध्यात युरिक आम्लाचे खडे साचून होणारा दाह) ही तिची नेहमीची कारणे.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते, ती तळपायाच्या जाड पट्ट्याच्या दुखण्याची खूण. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात खानापूरकडची भातलावण, चिकोडी-निपाणीकडची ऊसतोड, सौंदत्तीच्या यल्लम्माची किंवा पंढरीची पायी वाट, यांत हे दुखणे वाढते. पण बरेच जण ते महिनोन्‌महिने अंगावर काढतात आणि मग एका इंजेक्शनात सुटका मागतात. इंजेक्शनाने टाचेचा काटा (टाचेच्या हाडाची टोकदार वाढ) विरघळतो, हा समज चुकीचा आहे. औषध दाह कमी करते, हाड जसेच्या तसे राहते. आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणे उलट वाढू शकते. ते बहुधा आपोआप शमते. मात्र लाली, ऊब आणि ठणका दिवसेंदिवस वाढत गेला किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तो विरळा असला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टोचलेल्या जागी कातडी पांढुरकी किंवा पातळ होऊ शकते. टाचेखालची चरबीची गादी झिजली, तर दगडावर चालल्यासारखे दुखते.

सर्वांत घातक म्हणजे तळपायाचा पट्टा तुटणे. दुखणे थांबले म्हणून माणूस लगेच डोक्यावर भारा घेतो, आणि टाचेत काहीतरी तुटल्यासारखे होऊन तळपाय सुजतो, निळा पडतो. म्हणून इंजेक्शननंतर एक-दोन आठवडे जड काम टाळावे. टाचेमागच्या जाड कंडरेत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) स्टेरॉइड टोचू नये, कारण ती तुटण्याची भीती असते. पाय काही तास बधिर राहत असल्याने गावी परतताना दुचाकी स्वतः चालवू नये.

मधुमेह असल्यास रक्तातली साखर काही दिवस, क्वचित आठवडाभर, चढते. ती रोज तपासावी. पायाला जखम किंवा संसर्ग असेल, तर इंजेक्शन देत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. सोनोग्राफीत पाहून टोचल्यास नेम सहसा चुकत नाही. रुग्णाच्याच रक्तातून काढलेले पीआरपीही (प्लेटलेट्स जास्त असलेला रक्तद्रव) वापरतात. त्यात स्टेरॉइडचे धोके नसतात, पण टोचल्यावरचे दुखणे असते आणि खर्च जास्त येतो.

एकाच जागी वर्षात तीन-चारपेक्षा जास्त स्टेरॉइड इंजेक्शने सहसा देत नाहीत. इथला रुग्ण मात्र एकदा बेळगावला, एकदा मिरजेला, एकदा कोल्हापूरला जातो, आणि आकडा कुणाच्याच कागदावर पुरा नसतो. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर सहीआधी ते मराठीत समजावून मागावे. औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख लिहून घेऊन तीच चिठ्ठी पुढच्या डॉक्टरला दाखवावी.