बारोलो

इटलीच्या वायव्येला पिडमाँट प्रदेशात, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवर होणारी लाल वाईन. कूनेओ जिल्ह्यातील ११ गावांच्या ठरवून दिलेल्या हद्दीतच ती करता येते, आणि तीही फक्त नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून. १९६६ मध्ये तिला ‘डीओसी’ हा उगमस्थानाशी बांधलेला सरकारी दर्जा आणि १९८० मध्ये त्याच्याही वरचा ‘डीओसीजी’ हा इटलीतील सर्वोच्च दर्जा मिळाला. आपल्याकडे नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन आहे. बारोलोची नियमावली मात्र नावापुरती थांबत नाही, ती उतार आणि महिनेही मोजते.

याचे कारण द्राक्षात आहे. नेब्बिओलोला कोंब लवकर फुटतात, पण फळ पिकते फार उशिरा, बहुधा ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे दरीतल्या सपाट जमिनी वगळून उन्हाच्या उतारांवरच वेली लावतात. रंग फिकट, लवकर विटकरी होणारा. तो पाहून वाईन हलकी असेल असे वाटते, पण तुरटपणा आणि आंबटपणा चांगलाच कडक असतो. गुलाब आणि डांबर हे तिच्या गंधाचे नेहमीचे वर्णन विचित्र वाटले तरी नेमके आहे. हा तुरटपणा निवायला वेळ लागतो. म्हणून तोडणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवणे सक्तीचे आहे, त्यांपैकी १८ लाकडी पिंपात. ‘रिझेर्व्हा’ या जास्त मुरवलेल्या प्रकारासाठी ६२ महिने लागतात.

मातीने पडणारा फरक हे बारोलोचे खरे वैभव. पश्चिमेकडे ला मोर्रा आणि बारोलो गावांत निळसर चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. तिथली वाईन मऊ, सुगंधी. पूर्वेकडे सेरालुंगाच्या वालुकाश्मी उतारांवरची कणखर, वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारी. कान्नुबी, ब्रुनाते अशा मळ्यांची नावे बाटलीवर येतात. त्यांची अधिकृत हद्द २०१० मध्ये निश्चित झाली.

पिंपावरून मोठा वादही झाला. १९८० च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी जुनी अवाढव्य पिंपे सोडून ‘बारीक’ (barrique) या फ्रेंच नावाची, २२५ लिटरची फ्रेंच ओकची छोटी पिंपे आणली. वाईन लवकर पिण्याजोगी झाली, परदेशात गाजली. पण लाकडाच्या वासाखाली द्राक्ष दबते, असे जुन्यांचे म्हणणे होते. त्यांच्यातले बार्तोलो मास्कारेल्लो यांनी हाताने रंगवलेल्या लेबलवर लिहिले होते : ‘नो बारीक, नो बेर्लुस्कोनी’. बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे राजकारणी आणि पंतप्रधान राहिलेले सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी. आता बरेच उत्पादक दोन्ही पद्धतींमधला मार्ग धरतात, आणि मोठी पिंपे तळघरांत पुन्हा दिसू लागली आहेत.